पेंटरचा फेरा

पेंटर हे त्याचं आडनाव नव्हतं, पण बँकेतला शिपाईसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायचा. त्या छोट्या शहरातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरात बोलायची. सलूनची पाटी, दवाखान्याची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, 'गेटसमोर गाडी लावू नये', सगळं त्याच्या हातचं. पट्टी न लावता तो अशी रेघ ओढायचा की बघणाऱ्यानं मान तिरकी करून खात्री करून घ्यावी. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "रेघ मुळात सरळच असते हो, आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही."

आठवडाभर शिडीवर आणि सुट्टीच्या दिवशी रानात, असा त्याचा नेम. शहरामागच्या पाण्याच्या टाकीपासून तो निघायचा. उतारावरचं गाव ओलांडून जंगलात शिरायचा, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पलीकडे जायचा, खालच्या खोऱ्यातल्या गिरणीच्या गावात थांबायचा, आणि मग ओढ्याच्या कडेकडेनं, दगडखाणीला वळसा घालून, संध्याकाळी पुन्हा टाकीपाशी. गेल्या वाटेनं परत यायचं नाही, हा त्याचा हट्ट. "आल्या पावली परत फिरायला मी काय वसुलीला गेलोय?" असं तो म्हणे. या वाटेला तो 'फेरा' म्हणायचा. पाट्या रंगवून उरलेल्या पिवळ्या रंगानं त्यानं दगडांवर, खांबांवर, कुंपणांवर बाण काढले होते, आणि हळूहळू शहरातली चार माणसंही ते बाण बघत फिरायला जाऊ लागली होती.

असाच एक बाण त्यानं गिरणीच्या भिंतीवर काढला तेव्हा आतून गिरणवाला पिठानं पांढरा होऊन बाहेर आला आणि ओरडला, "कुणाच्या बापाची भिंत रंगवतोस रे?"

"बाप तुमचाच असणार," पेंटर म्हणाला, "बाण तेवढा माझा."

गिरणवाला आधी रागानं आणि मग हसण्यानं लाल झाला. जन्मभर जात्याच्या घरघरीत राहून त्याचे कान अधू झाले होते, त्यामुळे तो साधं 'बसा' म्हणाला तरी गुरं बिचकायची. पेंटरनं त्याचं नाव 'कर्णा' ठेवलं. भिंतीच्या बदल्यात कर्ण्यानं पाटी रंगवून मागितली. पेंटर गप्पांच्या नादात 'गीरणी' लिहून बसला. चूक लक्षात आल्यावर तो दुरुस्त करायला धावला, तर कर्ण्यानं ब्रशच काढून घेतला. "राहू दे! तुला नावं ठेवायला तरी लोक थांबतील, आणि थांबले की दळण टाकतील." त्या दीर्घ वेलांटीवर दोघांची जी दोस्ती जमली ती जमलीच. पुढची कित्येक वर्षं फेऱ्याचा मुक्काम म्हणजे गिरणीची पायरी. तिथं कर्ण्याची बायको चहा आणायची. ही बाई फारसं बोलत नसे. नवरा दोघांचं बोलून घ्यायचा.

मग पेंटरच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. बाजूचं दिसणं आधी गेलं, जणू कुणी चौकटीच्या कडेकडेनं पांढरा हात मारत आत येत होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकदा औषधांच्या दुकानाची पाटी उजवीकडे घसरत गेली. दुकानदारानं भिडेखातर तशीच लावली. पेंटरच्या बायकोनं ती रस्त्यावरून पाहिली आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ." उशीर झाला होता. दोन-तीन वर्षांत उजेड आहे की अंधार, एवढंच कळण्यापुरती नजर उरली. ब्रश त्यानं रॉकेलमध्ये स्वच्छ धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकायला सांगितले.

रान मात्र सुटेना. तेव्हा पुढं आला धाकटा.

धाकटा म्हणजे पेंटरचा सख्खा भाऊ. लग्न केलं नव्हतं, दादाच्याच घराच्या वरच्या खोलीत राहायचा. वीज कंपनीच्या कचेरीत खिडकीशी बसून तक्रारी घ्यायचा. अंधारात बसलेली माणसं चिडून फोन करायची आणि हा मधाळ आवाजात सांगायचा, "माणूस निघालाय, पोचेलच एवढ्यात." माणूस कधीकधी खुर्चीतून उठलेलासुद्धा नसायचा. पण ऐकणाऱ्याला बरं वाटायचं हे खरं.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला, "दादाला रानात मी नेतो."

आणि नेलंही. दादाचा हात आपल्या कोपराला धरायला लावून तो पुढं चालायचा आणि सांगत राहायचा. "उजवीकडे करवंदासारखं काहीतरी फुललंय. ओढ्याला पाणी गुडघाभर आहे, हिरवट. कुणीतरी तुझ्या बाणावर शेण थापलंय." पेंटर खूश होता. बायकोला म्हणायचा, "डोळे गेले, पण भाऊ लागला हाताला."

गिरणीच्या पायरीवर पुन्हा मैफल जमायची. कर्ण्याची बायको कप पेंटरच्या हातात देताना कपाचा कान बरोबर त्याच्या बोटांकडे वळवून द्यायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पेंटर आणि कर्णा जुन्या गोष्टी काढून हसायचे, एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही, तरी दोघांचं बरोबर चालायचं. धाकटा पिशवी मांडीवर घेऊन बाजूला बसायचा. परतताना तो गप्प असायचा. दमला असेल, असं पेंटरला वाटे.

एका वर्षी ओढ्याला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर धाकटा एकटाच वाट बघून आला आणि म्हणाला, "दादा, साकव गेला. पलीकडे जाता येत नाही."

"अरेरे. बांधतील ना?"

"बांधतील की. अर्ज दिलाय म्हणे गावानं."

तेव्हापासून छोटा फेरा सुरू झाला. उतारावरचं गाव, थोडं जंगल, आणि फाट्यावरून डावीकडे न उतरता फळबागेच्या रस्त्यानं घरी. पेंटरनं मानून घेतलं. पण महिना-दोन महिने गेले आणि तो म्हणू लागला, "बसनं जाऊ या रे. कर्णा काय म्हणेल?" धाकटा म्हणायचा, रस्ता खचलाय. पुढं म्हणायचा, बस बंद आहे. फोन करावा तर कर्ण्याला फोनवर काडीचं ऐकू येत नसे.

आणि एक दिवस धाकटा बाजारातून आला तो थेट पेंटरच्या खोलीत. "दादा, खाली बस आधी," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता. "कर्णा गेला."

पेंटर खुर्ची चाचपत बसला. काही वेळानं तो लहान पोरासारखा रडायला लागला. धाकट्यानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत राहिला. स्वयंपाकघरातून बायको आली, तिनं पदर तोंडाला लावला.

"मला जायला हवं," पेंटर म्हणाला. "गिरणीवरच्या वहिनींना भेटायला हवं."

"कुणाला भेटणार दादा? त्या आता त्यांच्या मुलाकडे राहायला गेल्या. गिरणीला कुलूप आहे. मी चौकशी केली."

चौकशी केली म्हटल्यावर विषय संपला.

दोन वर्षं अशीच गेली. छोटा फेरा चालू होता. दर वेळी फाट्यावर आलं की पेंटर थांबायचा आणि खोऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहायचा. धाकटा शेजारी उभा असायचा. घाई करायचा नाही.

मग धाकट्याला कचेरीच्या कामानं परगावी जावं लागलं आणि सुट्टीचा दिवस आला. पेंटर सकाळपासून येरझाऱ्या घालू लागला. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "चला, मी नेते. पण माझ्याकडून फुलांची वर्णनं ऐकायला मिळणार नाहीत हां. झाड असेल तर झाड म्हणेन."

"चालेल."

"आणि चप्पल तुटली तर तुमच्या खांद्यावर बसून येईन."

उतारावरच्या गावापर्यंत ती चढाला, उन्हाला आणि नवऱ्याला आळीपाळीनं बोल लावत होती. जंगलात शिरल्यावर तीही शांत झाली. फाट्यावर पेंटर सवयीनं थांबला.

"इथून उजवीकडे," तो म्हणाला. "डावीकडची वाट बंद आहे. साकव पडलाय."

बायको खाली बघत होती. "पडलाय? मग ती बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पलीकडून कशी येतेय?"

"कुठली बाई?"

"ही काय, साकवावरून येतेय."

पावलं जवळ आली तशी त्यानं हाक मारली, "बाई, साकव नवीन बांधला का हो?"

"नवीन?" गवतवाली हसली. "माझ्या लग्नाआधीपासूनचा आहे तो. शेवाळ चढलंय नुसतं. तुमची कुठं ओळख असेल तर सांगा बांधायला."

"मध्ये पुरात पडला होता ना?"

"पडला असता तर मी काय उडत आले?" ती म्हणाली आणि भारा सावरत निघून गेली.

बायकोनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीतरी कळायला लागलं होतं, पण ते शब्दांत आणायची तिची हिंमत झाली नाही. पेंटरच म्हणाला, "धाकट्याची काहीतरी गफलत झाली असेल. त्यानं दुसराच बघितला असेल."

"असेल," ती म्हणाली.

त्या ओढ्यावर दुसरा साकव नव्हता, हे पेंटरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोचा हात धरून तो साकवाशी उतरला. पहिल्या खांबावर हात फिरवला. ओलसर लाकडावर रंगाचे जाड थर बोटांना लागले, एकावर एक चढवलेले. तो स्वतःचा बाण चाचपत बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "चल पलीकडे."

खाली उतरताना त्याला घरघर ऐकू आली. "गिरणी चालू आहे," तो म्हणाला. "मुलगा परत आला असेल. किंवा विकली असेल कुणाला." तो स्वतःशीच कारणं शोधत होता, आणि प्रत्येक कारणात भावाला वाचवत होता.

गिरणीसमोर आल्यावर बायकोची पकड एकदम घट्ट झाली. "अहो," ती पुटपुटली, "भावजी बसलेत."

"कोण भावजी?"

"तुमचे दोस्त. कर्णा भावजी. पायरीवर बसलेत. आपल्याकडेच बघतायत."

"वेड लागलं का तुला?"

तेवढ्यात तो आवाज आला. थोडा खरखरीत झालेला, पण अजूनही गुरं बिचकतील असा.

"या! वाट चुकलात वाटतं!"

बायकोनं त्याला पायरीवर बसवलं. कर्ण्यानं त्याला उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आज तो म्हणत होता, आणि म्हणतच राहिला. "बरी आठवण झाली तुम्हाला! डोळे गेले म्हणून माणसंही टाकलीत? ठीक आहे. तुम्हाला आवाजांचा त्रास होतो म्हणे. मी तर मोठ्यानंच बोलतो. मला दुसरं येत नाही."

"कसला त्रास?" पेंटर म्हणाला. "अरे, मला सांगितलं की तू... की तू गेलास."

"काय?"

"तू गेलास म्हणून सांगितलं!"

"कुठं गेलो?"

पेंटर उठून उभा राहिला आणि छातीतला सगळा दम गोळा करून ओरडला, "तू मेलास म्हणून सांगितलं मला!"

समोरच्या घरांतून बायका बाहेर आल्या. कर्ण्यानं आत जाऊन गिरणीचा पट्टा उतरवला. घरघर थांबली. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता, इतका खाली की पेंटरला तो ओळखू आला नाही.

"मी नाही रे. ती गेली."

"वहिनी?"

"दोन वर्षं झाली. ताप होता, चार-दोन दिवसांत आटोपलं. तुझा भाऊ बाजारात भेटला, त्याला मीच सांगितलं. म्हटलं, पेंटरला घेऊन ये, मला एकट्याला हे घर खायला उठतं. तर म्हणाला, दादा आता कुणाला भेटत नाही, ओळखीचे आवाज ऐकले की दिवस दिवस जेवत नाही, तुम्ही येऊ नका. मी म्हटलं, बरं." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "मी तुझ्यावर फार चिडलो होतो. मनात नाही नाही ते बोललो. गावात पण बोललो."

पेंटरच्या बायकोला एकदम हुंदका फुटला. पेंटर मात्र रडला नाही. ज्याच्यासाठी तो धाय मोकलून रडला होता तो समोर बसला होता, आणि जिच्यासाठी रडायला हवं होतं तिच्या वाटचे अश्रू दोन वर्षांपूर्वीच भलत्याच्या नावावर खर्च झाले होते. कर्णा आत गेला आणि त्यानं चहा केला. चहा करपट झाला होता. कप त्यानं कान पलीकडे ठेवूनच पेंटरच्या हातात दिला आणि पेंटरची बोटं पोळली.

परतताना कर्णा खाणीच्या वळणापर्यंत सोबत आला.

धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बॅग दारात ठेवून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय दादा, चुकला ना फेरा?"

"नाही. वहिनीनं नेलं तुझ्या."

"अरे वा! कुठपर्यंत गेलात?"

"पूर्ण," पेंटर म्हणाला.

धाकट्यानं बुटाची नाडी सोडायला घेतली होती, ती तशीच हातात राहिली.

"वहिनी, पाणी देता का?"

"माठ तिथंच आहे," ती म्हणाली. या घरात असं उत्तर त्याला पहिल्यांदाच मिळालं.

"का रे?" पेंटरनं विचारलं. रागावला नव्हता तो. एखादा शब्द अडला तर विचारावा, तसं विचारलं.

धाकट्यानं बूट काढून भिंतीशी ठेवला. मग म्हणाला, "गुडघे गेले होते माझे. खोऱ्यातून वर चढताना जीव जायचा."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाचा तरी हात धरला असतास. तूच म्हणायचास ना, भाऊ लागला हाताला? जन्मभर मी तुझ्या मागून चालत आलो, दादा. एकदाच पुढं चालायला मिळालं." त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी ओढून सोडली. "आणि तिथं गेलं की मी कोण? तुम्ही दोघं हसायचात. मी आपला पिशवी धरून बसायचो. साकवाचं एकदाच खोटं बोललो. मग तू दर आठवड्याला विचारायला लागलास. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं."

"म्हणून जिवंत माणूस मारलास?"

धाकट्यानं मान खाली घातली, आणि मग तो जे बोलला ते बोलला नसता तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. "गेलं तर होतंच ना कुणीतरी तिथलं," तो पुटपुटला. "अगदीच खोटं नव्हतं."

पेंटरच्या हाताखाली खुर्चीचा वेत करकरला. "मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो," तो हळूच म्हणाला. "तू पाठ थोपटत होतास. तेव्हा तुला काय वाटत होतं रे?"

"भावजी," पेंटरची बायको म्हणाली, "तुम्ही वर जा."

धाकट्याला कुणी घराबाहेर काढलं नाही. तो वरच राहिला, खालीच जेवत राहिला. त्यानं दादाचे पाय धरले, गिरणीवर जाऊन कर्ण्याचीही माफी मागितली. कर्ण्यानं ऐकू न आल्यासारखं केलं, आणि त्याच्या बाबतीत ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. पेंटर भावाशी बोलायचा, मीठ मागायचा, हवा-पाण्याचं विचारायचा. फक्त त्याचा कोपर पुन्हा धरला नाही. जिन्यापाशी धाकटा सवयीनं हात पुढं करायचा आणि पेंटर भिंतीला हात लावून उतरायचा.

फेरा पुन्हा मोठा झाला. कर्णा सुट्टीच्या दिवशी टाकीपाशी येऊन उभा राहायचा आणि त्याच्या हाकेनंच पेंटरला वेळ कळायची. वर्णनाच्या बाबतीत तो अगदीच ठोंब्या होता. "काय दिसतंय?" विचारलं की म्हणायचा, "झाडं! दुसरं काय दिसणार?" दोघं पुन्हा हसायलाही लागले. पण गिरणीच्या पायरीवर आता दोघंच असत, आणि बोलता बोलता मध्येच थांबत.

मैत्री परत मिळाली. पण जे गेलं ते सगळ्यात आधी पेंटरच्या बायकोच्या लक्षात आलं. ती सांगायची, बाहेर ढग आलेत. तो हो म्हणायचा आणि थोड्या वेळानं दूधवाल्याला विचारायचा, "ढग आलेत का हो?" ती सांगायची, निळा सदरा आहे. तो शेजाऱ्यांना हसत हसत विचारायचा, "कुठल्या रंगाचा सदरा दिला हिनं?" सुरुवातीला तिला राग आला. संसारात तिनं त्याला कधी उन्हाला सावली म्हणून सांगितलं नव्हतं. एकदा ती बोललीही, "माझ्यावरसुद्धा विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे ग," तो ओशाळून म्हणाला. "आहे. पण तो आवाजही इतकाच चांगला होता."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. परवा दोघं बँकेत गेली होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "पायरी आहे." पूर्वी एवढ्यावर तो बिनधास्त पाय टाकायचा. आता त्यानं पाय हवेत धरला, खाली नेला, बुटाच्या टोकानं पायरीची कड चाचपली, आणि खात्री झाल्यावर उतरला. मागं माणसं खोळंबली होती. ती हात पुढं करून तशीच उभी राहिली.